उन्हाळ्याच्या सुट्टीत निसर्ग उद्यानात काम मिळेल का, आणि तिथे नेमकं काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की वय १८ आहे, पक्षी आणि फुलपाखरं बऱ्यापैकी ओळखता येतात, पण हातात पदवी नाही. अशा वेळी कोणी घेईल का?

घेतात. मी सलग दोन उन्हाळे हे काम केलं आणि पुढे काही वर्षं तुमच्यासारख्या मुलामुलींच्या निवडीलाही बसले. म्हणून एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तिथे गेल्यावर हिरमोड होणार नाही. या कामात दिवसाचा बराचसा वेळ प्राण्यापक्ष्यांबरोबर जात नाही, माणसांबरोबर जातो.

सकाळी पाऊलवाटेवर आडव्या पडलेल्या फांद्या उचलायच्या. बाहेरून आलेली आक्रमक झुडपं बी धरायच्या आत मुळासकट उपटायची. मग गट येतात, त्यांना फिरवायचं. आणि कोणीतरी ओंजळीत पिल्लू घेऊन धावत येतंच, "हे घरट्यातून पडलंय!" म्हणत. अंगावर पिसं आलेली असतील, शेपूट आखूड असेल आणि पिल्लू टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. आईबाप जवळच असतात. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकून देत नाहीत. जिथून उचललं तिथेच, जवळच्या झुडपात ठेवायचं आणि लांब व्हायचं. हे समोरच्याला न दुखावता सांगता येणं म्हणजे निम्मं काम, कारण तो माणूस चांगल्या मनानेच आलेला असतो.

हे काम जुनं आहे. अमेरिकेतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात १९१७ साली एस्थर आणि एलिझाबेथ बर्नेल या दोघी बहिणींना निसर्गवाटाड्या म्हणून परवाना मिळाला. त्या ज्यांच्या हाताखाली तयार झाल्या त्या ईनॉस मिल्स यांचं म्हणणं होतं की वाटाड्याने माहिती देण्यापेक्षा ओढ लावावी. मला ते पटलं एका तळ्याच्या काठी.

पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मी मुलांना चतुर कीटकांची नावं धडाधड सांगत होते आणि मुलं कंटाळली होती. तेवढ्यात एका मुलीने लव्हाळ्याच्या देठाला चिकटलेली एक तपकिरी कात दाखवली. चतुराची अळी पाण्यात वाढते, शेवटी देठावर चढते, पाठीवर चीर पडते आणि पंखवाला चतुर बाहेर येतो. मागे राहते ती रिकामी कात. सहा पाय अजून देठाला घट्ट धरलेले, डोळ्यांच्या जागी पारदर्शक फुगे, आणि पाठीवरच्या चिरेतून लोंबणारे बारीक पांढरे दोरे. "हे दोरे कसले?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं, आणि आम्ही सगळे भिंग घेऊन तिथेच बसलो. संध्याकाळी पुस्तकात सापडलं: ते श्वासनलिकांचं अस्तर. कात टाकताना कीटक श्वासनलिकांचं आतलं अस्तरसुद्धा टाकतो! दुसऱ्या दिवशी तो गट परत आला तेव्हा मुलं उत्तर ऐकायला माझ्याआधी तळ्यावर हजर होती. त्या दिवसापासून मी एका फेरीत पाच-सहा गोष्टींच्या पुढे गेले नाही.

आता निवडीबद्दल. समोर बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांना नावं भरपूर येत असत. आम्ही बघायचो टिपणवही. ती असलेली मुलं थोडी असत, आणि त्यांना आम्ही सहसा सोडत नसू. वहीचं एवढं कौतुक का? अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचे जोसेफ ग्रिनेल १९०८ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून तारीख, जागा, हवा, वागणूक हे सगळं त्याच दिवशी लिहून घेत. जवळजवळ शंभर वर्षांनी शास्त्रज्ञ त्याच ठिकाणी परत गेले. जुन्या वह्यांशी ताडून पाहिल्यावर त्यांना दिसलं की कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या कितीतरी छोट्या सस्तन प्राण्यांचा वावर डोंगरात आणखी वर सरकलाय. नुसत्या आठवणीवर हे कधीच कळलं नसतं.

तुम्हाला फुलपाखरं येतात, तर तिथूनच सुरुवात करा. एक ठरावीक वाट निवडा आणि आठवड्यातून एकदा, ऊन असताना, वारा फार नसताना तिच्यावरून सावकाश चाला. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे ५ मीटर, एवढ्या चौकटीत दिसतील तेवढीच फुलपाखरं मोजा. बाहेरचं कितीही देखणं असलं तरी मोजायचं नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी ही पद्धत बसवली आणि उद्यानांमधली मोजणी आजही साधारण अशीच होते. एकही दिसलं नाही तर शून्य लिहा. शून्य लिहिणारा माणूस भरवशाचा, हे मी निवडीच्या टेबलावर शिकले.

अर्ज हंगामाच्या बरेच महिने आधी करा, कारण उन्हाळा उजाडेपर्यंत जागा भरलेल्या असतात. मानधन आहे की निव्वळ स्वयंसेवा, राहायची सोय, कामाचे तास, विमा हे संकोच न करता आधीच विचारा. मी पहिल्या वेळी भिडेपोटी विचारलं नाही आणि निम्मा उन्हाळा स्वतःच्या खिशातून काढला. प्रथमोपचाराचं छोटं प्रशिक्षण झालेलं असेल तर ते अर्जात ठळकपणे लिहा, गट सोपवताना त्याचा विचार होतो.

आणि अर्जासोबत वहीची दोन पानं जोडा. सुंदर अक्षरात पुन्हा उतरवलेली नकोत, चिखलाचे डाग असलेलीच चालतील.