काट्यावरचं ओळखीचं वजन

प्रश्न : मी कराडला अभियांत्रिकी शिकते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर फावल्या वेळात इतरांची उत्तरं तपासते. परवा एका उत्तराला 'ठीक' म्हटलं, तर 'थांबा, तुमचं लक्ष आहे का हे पाहणारी ही चाचणी होती' असा संदेश आला. फुकट राबायचं आणि वर संशय?

उत्तर : अगं, रात्री अकराला, एका हातात जेवणाचं ताट असताना मीही यात नापास झालोय. उसाचा काटा पडताळताना त्यावर माहितीतलं वजन ठेवतात, तसाच हा प्रकार. निकाल आधीच लागलेल्या पोस्टी तपासायच्या रांगेत मिसळतात : काही भरपूर मतं मिळालेल्या, काही स्पॅम म्हणून काढलेल्या. वारंवार चुकलं तर तपासणीचा हक्क काही दिवस थांबतो.

याची गरज पडते, कारण डोळा सवयीने आंधळा होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या रडारवाल्यांच्या चुकांवरून मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थ यांनी घड्याळाच्या काट्याचा प्रयोग केला. काटा क्वचित दुप्पट उडी मारायचा, ती टिपायची. अर्ध्या तासातच लोकांचं लक्ष ढळू लागलं. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ वुल्फ आणि सहकाऱ्यांनी सामानाच्या बॅगेसारख्या चित्रांत ठरलेल्या वस्तू शोधायला लावल्या. निम्म्या चित्रांत वस्तू असताना सुमारे ७ टक्के हुकल्या. शंभरात एकाच चित्रात असताना सुमारे ३० टक्के. माणसं तीच, फक्त 'इथे काही नसतंच' ही खात्री वाढली. विमानतळावरच्या क्ष-किरण तपासणीतही म्हणूनच मधूनमधून खोट्या हत्यारांच्या प्रतिमा टाकतात.

प्रश्न : मी इस्लामपूरचा निवृत्त शिक्षक. चाचणीतलं उत्तर खरोखर सुमार होतं. मी तसं नोंदवलं आणि मलाच नापास केलं!

उत्तर : गुरुजी, तुमचं बरोबर असू शकतं. या पोस्टी यंत्र निवडतं, आणि बऱ्याचदा मतांवरून. जुनं, एका ओळीचं उत्तर लोकप्रिय असलं की ते 'चांगलं' ठरतं. काटाच चुकीचा लावलाय म्हणा ना! अशी चाचणी तिथल्या चर्चाविभागात जरूर दाखवा. आणि विषय आपला नसेल तर 'वगळा' दाबा, त्याने कुणी नापास होत नाही.

प्रश्न : नव्या टॅबमध्ये मूळ पोस्ट उघडली की चाचणी ओळखू येते. ही लबाडी का? (मिरज)

उत्तर : नाही. मूळ पोस्ट उघडून पाहणारा माणूस लक्ष देतोच आहे.

प्रश्न : सांगलीच्या जुन्या छायाचित्रांचं संकेतस्थळ आम्ही सहाजण चालवतो. लोकांनी पाठवलेल्या फोटोंची माहिती आम्हीच तपासतो. आमच्यात अशी चाचणी ठेवावी का?

उत्तर : ठेवा, पण आधी सगळ्यांना सांगून. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या फोटोखाली मुद्दाम 'कृष्णा पूल, कराड' लिहून रांगेत सोडा. तो तपासणाऱ्यालाच दिसावा, वाचकांना नाही. बिनचूक फोटोही टाका, नाहीतर सगळं नाकारणारा पहिला येईल. चाचणीचं उत्तर निदान दोघांनी स्वतंत्रपणे ठरवलेलं असावं, आणि चूक तिथल्या तिथे, एकट्यालाच दाखवावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावं टाकलीत तर सहाचे दोन उरतील. पहिल्या महिन्यात हक्क कुणाचाच थांबवू नका. तेवढ्या दिवसांत आधी तुमच्या चाचण्याच चुकीच्या निघतील.