सेल्फ किती हलका घ्यावा?

घरी विमान बांधणाऱ्यांच्या पत्रांत या वेळी रोटरी इंजिनाचा (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते) स्टार्टर, म्हणजे सेल्फ, फार आलाय. एकेक घेतो.

माझदाचं १३बी रोटरी इंजिन बसवतोय. मिळेल तो सर्वांत हलका स्टार्टर घेऊ का? (ओझर)

वजनकाट्याआधी आरपीएम बघा. इंजिन जोरात फिरत असलं की अॅपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, बाहेर फेकले जाऊन भिंतीला घट्ट टेकतात. सेल्फ मारताना मात्र ते काम मुख्यतः सीलमागच्या बारीक स्प्रिंगांवर पडतं. इंजिन रेंगाळलं तर दाब गळतो, पेट्रोल येतच राहतं आणि सीलवरचं तेल धुऊन नेतं. मग इंजिन फ्लड, म्हणजे पेट्रोलने भरून सुरूच होत नाही. माझदा कॉम्प्रेशन मोजते ते २५० आरपीएमला. थंड इंजिन निदान तेवढं फिरायला हवं. आरएक्स-८ या रोटरी गाडीला कंपनीनेच पुढे जास्त वेगाने फिरवणारा स्टार्टर दिला, तो उगाच नाही. निफाडकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात अशा एखाद्या पहाटे चाचणी घ्या, दुपारी कोणताही सेल्फ शहाणाच वाटतो.

गिअर रिडक्शनचा, कायम चुंबकाचा स्टार्टर घ्या. त्यात छोटी मोटर भरभर फिरते आणि टॉर्क गिअर वाढवतात. पण मूळ स्टार्टरच रिडक्शनचा असेल तर फारसं वजन वाचणार नाही, आधी खोलून बघा. पिनियन (स्टार्टरचं छोटं चाक) आणि रिंग गिअर (इंजिनाचं मोठं दातेरी चाक) यांचे दात जुळतात का, हे पैसे देण्याआधी. आणि तो टेबलावरून पाडू नका, आतले चुंबक तडकतात.

बॅटरी शेपटीकडे आहे. सेल्फ नुसता 'टक्' करतो. (इंदिरानगर)

आधी अर्थिंग आणि लग (तारेच्या टोकाची कडी) तपासा. मग तार. जाऊन-येऊन सहा मीटर तांब्याची १६ चौरस मिमी तार असेल, तर २०० अँपिअरला तिच्यातच सुमारे १.३ व्होल्ट जातात. ३५ची टाकली तर ०.६. पण जाड तार साधारण एक किलोने जड. म्हणजे स्टार्टरमध्ये वाचवलेला किलो तारेने खाल्ला! बॅटरी फायरवॉलजवळ (इंजिनामागच्या आडव्या भिंतीजवळ) आणता आली तर उत्तम, मात्र तोल पुन्हा काढा. हलक्या स्टार्टरनेही तोल हलतो: गुरुत्वमध्यापासून दीड मीटर पुढचे दोन किलो कमी केले, तर ६०० किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य ५ मिमी मागे सरकतो.

बुलेटचा सेल्फ चालेल? (सिन्नर)

नाही.

इंजिन आणि पंख्यामधल्या रिडक्शन गिअरबॉक्समुळे पंखा फिरवायचा भार वाढतो ना? (गंगापूर रोड)

उलट. गुणोत्तर २.८५ असेल तर पंख्याचं जडत्व इंजिनाच्या शाफ्टला सुमारे आठपट कमी जाणवतं. तुमची खरी काळजी वेगळी हवी: सोलेनॉइडचे (सेल्फला वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटले, तर बटण सोडलं तरी सेल्फ चालूच राहतो आणि जळतो. सोलेनॉइडच्या मोटरकडच्या टर्मिनलवरून फ्यूज घालून एक दिवा पॅनलवर आणा. इंजिन सुरू झाल्यावरही तो विझला नाही, तर लगेच इंजिन आणि मास्टर स्विच दोन्ही बंद. दिवा डोळ्यांसमोर बसवा, गुडघ्यामागे नको.