स्वतःच्या आवडत्या गायकाच्या निधनाची बातमी देताना रडू आलं नाही. मी निबर झालोय का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही वृत्तवाहिनीत रिपोर्टर आहात, लहानपणापासून ज्यांचं गाणं ऐकलं त्या गायकाच्या अंत्ययात्रेचं लाइव्ह तुम्हीच केलंत, आणि रात्री घरी गेल्यावरही डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नोकरी सोडली तर हे बदलेल का, असाही प्रश्न आहे.

निबर झालेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, हे आधी सांगते. मी मुंबईत बरीच वर्षं टीव्हीसाठी रिपोर्टिंग केलं आणि 2022 संपता संपता ते सोडलं. म्हणजे निधनाच्या बातम्या देणंही मला माहीत आहे आणि सोफ्यावर बसून त्या बघणंही.

लतादीदींना जानेवारी 2022 मध्ये ब्रीच कँडीत दाखल केलं आणि 6 फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, त्या गेल्या. मधले जवळजवळ चार आठवडे आम्ही रुग्णालयाच्या गेटसमोर शिफ्टमध्ये उभे होतो. डॉक्टर बाहेर आले की बाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर दोन वाक्यं, नाही आले तर 'प्रकृती स्थिर' असा फोनो, म्हणजे फोनवरून दिलेली बातमी. ओबिट, म्हणजे निधनानंतर दाखवायचं पॅकेज, अर्थातच आधी कापून ठेवलेलं होतं. जन्म 1929, इंदूर, मग वडील दीनानाथ, मग पार्श्वगायन, शेवटी भारतरत्न. तुम्हीही अशी पॅकेजेस केली असतील. आत माणूस श्वास घेत असतो आणि बाहेर त्याच्या आयुष्याचा व्हॉइसओव्हर रेकॉर्ड होऊन सर्व्हरवर पडलेला असतो. यात कुणी दुष्ट नसतं. ते आधी केलं नाही तर ऐनवेळी जे घाईघाईत जाईल ते त्या व्यक्तीवर जास्त अन्याय करणारं असेल, हे मला तेव्हाही पटायचं आणि आजही पटतं.

त्या रविवारी ब्रीच कँडी, तिथून पेडर रोडवर त्यांचं घर प्रभुकुंज, तिथून शिवाजी पार्क. कानात सतत पीसीआर, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूमचा आवाज. गर्दी किती आहे, पंतप्रधान किती वाजता पोहोचतायत, फ्रेममध्ये चौथरा येतोय का, मागचा माणूस हात हलवतोय त्याला बाजूला घे. मला दीदींचं गाणं मनापासून आवडतं. तरीही त्या दिवशी माझ्या डोक्यात एकही ओळ वाजली नाही. वाजली असती तर मी बोलूच शकले नसते. कानात एक आवाज चालू असताना दुसरा आवाज आत येत नाही, इतकं साधं आहे ते. अग्नी दिला, मान्यवर निघाले, गर्दी ओसरायला लागली, तशी ओबी व्हॅनची केबल गुंडाळायला सुरुवात झाली आणि असाइनमेंट डेस्कवरून उद्या सकाळी कुठे पोहोचायचं त्याचा मेसेज आला.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. रिपोर्टर घटनेबरोबर पोहोचतो आणि घटना संपली की निघतो. शोक मात्र लोक पांगल्यावर सुरू होतो, आणि तेव्हा आपण दुसऱ्या कुठल्या तरी गेटवर उभे असतो.

हे मला एका फोटोमुळे कळलं. मे 2022 मध्ये पंडित शिवकुमार शर्मा गेले. त्यांच्या पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत झाकिर हुसेन होते. नंतर चितेपाशी ते एकटेच उभे आहेत, आजूबाजूला कुणी नाही, असा एक फोटो सगळीकडे फिरला. आमच्याकडेही तो 'व्हायरल फोटो' म्हणून एका बुलेटिनमध्ये गेला आणि पुढच्यात निघाला. इतकी वर्षं ज्यांच्या संतूरला साथ केली त्यांच्याजवळ तो माणूस थांबून राहिला होता. मी कव्हर केलेल्या एकाही अंत्यसंस्काराला शेवटपर्यंत थांबले नव्हते. नोकरी सोडायची इतरही कारणं होती, पण तो फोटो त्यानंतर मनातून गेला नाही.

झाकिरभाई हे माझं दैवत. हे सांगताना मला जरासुद्धा संकोच वाटत नाही. त्यांचे वडील उस्ताद अल्लारखा 3 फेब्रुवारी 2000 ला गेले, आणि त्यांच्या बरसीला, म्हणजे स्मृतिदिनी, षण्मुखानंद सभागृहात भल्या पहाटेपासून जो सोहळा चालायचा तो मी डेस्ककडे मागून मागून कव्हर करायचे. पण टीव्हीच्या माणसाला मैफलीत काय मिळतं हे तुम्हाला माहीत आहे. सुरुवातीची काही मिनिटं शूट करायची परवानगी, मग आयोजकांचा माणूस खांद्यावर हात ठेवतो आणि कॅमेरा बाहेर. त्यामुळे मी झाकिर हुसेन यांना पुष्कळदा 'ऐकलं' आणि दर वेळी फक्त सुरुवात ऐकली. हातोडीने तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकून तो स्वरात लावणं, हाताला पावडर, पेशकाराच्या, म्हणजे वादनाच्या संथ सुरुवातीच्या, पहिल्या काही ओळी. वादनाचे पुढचे टप्पे, कायदे, रेले, ज्या चक्रदारावर, म्हणजे तीनदा वाजणाऱ्या रचनेवर, अख्खं सभागृह हात वर करून समेवर येतं ते सगळं दरवाजाच्या पलीकडून. चॅनल सोडल्यावर तिकीट काढून त्यांचा एक कार्यक्रम मी पहिल्यांदा पूर्ण ऐकला. फोन बंद करून. मध्यंतरात शेजारच्या आजोबांनी विचारलं, तुम्ही शिकता का तबला? मी सगळा वेळ मांडीवर मात्रा मोजत होते.

मग 15 डिसेंबर 2024, तोही रविवारच. रात्री झाकिरभाई गेल्याचे फ्लॅश चॅनलवर सुरू झाले. थोड्या वेळाने कुटुंबाकडून खुलासा, ते हयात आहेत, प्रकृती गंभीर आहे, प्रार्थना करा. फ्लॅश मागे घेतले गेले. सोमवारी सकाळी कुटुंबानेच सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झाल्याचं जाहीर केलं. फुफ्फुसांचा आजार होता, वय 73. त्याच वर्षी फेब्रुवारीत एकाच रात्री तीन ग्रॅमी घेतलेला माणूस.

त्या रात्री मी अस्वस्थ होऊन चॅनल बदलत राहिले. जुन्या सवयीने मनात प्रश्न येत होते, कन्फर्म कुणी केलं, सोर्स काय, कुटुंबातलं कोण बोललं. मग जाणवलं की यातलं काहीच माझं काम नाही. मला कुठेच पोहोचायचं नाहीये. आणि त्या क्षणी मला प्रचंड भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसाच्या जाण्यासमोर मी हातात बूम माइक न घेता उभी होते.

रडू तेव्हाही आलं नाही. हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय. दिवसभर ग्रुपवर मेसेज, जुन्या सहकाऱ्यांचे फोन, 'अगं, तुझ्याकडे त्यांचा जुना बाइट आहे का?' मी शोधून पाठवलाही. दोन-तीन दिवसांनी सगळीकडचा गलबला थांबल्यावर एक एकल तबलावादन लावलं, सारंगीवर उस्ताद सुलतान खान. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, सारंगीवाला लेहरा धरतो, म्हणजे तालाच्या मात्रांची, इथे सोळा, एकच ओळ पुन्हा पुन्हा, आणि तबलजी तिच्या आधाराने आपलं सगळं मांडतो. डग्ग्यावर मनगट दाबून झाकिरभाई असा आवाज वळवतात की चामड्याला गळा आहे असं वाटावं. तोवर मी शांत होते. मग ते थांबले आणि पढंत सुरू केली. वाजवण्याआधी ते बोल तोंडाने म्हणाले, त्यांच्या त्या स्पष्ट, किंचित हसऱ्या आवाजात. त्यांना बाळ म्हणून घरी आणलं तेव्हा वडिलांनी कानात प्रार्थना म्हणायच्या ऐवजी तबल्याचे बोल म्हटले होते, ही गोष्ट ते स्वतः सांगायचे. ते आठवलं आणि मी हमसून हमसून रडले. नवरा आतून धावत आला, कुणाचा फोन आला म्हणून.

ते अश्रू एकट्या झाकिर हुसेन यांच्यासाठी नव्हते, असं आता वाटतं. दीदी त्यात होत्या. शिवकुमारजी होते. ज्यांच्या दारात मी उभी राहिले आणि ज्यांची नावंही आता मला आठवत नाहीत, अशी कितीतरी घरंही होती.

आता नोकरी सोडण्याबद्दल. मी सध्या घरी बसून ऑडिओबुकच्या संहिता तपासते. पैसे कमी मिळतात. रात्री फोन वाजला तर अजूनही छातीत धस्स होतं. पावसाळ्यात रुळांवर पाणी भरलं की बाहेर असायला हवं होतं असं वाटतं, कारण त्या दिवशी आपण सांगितलेलं ऐकून लोक खरोखर घरी पोहोचायचे. कॅमेरामन मित्राची सोबत, गाडीत वाटून खाल्लेला वडापाव, हे दुसऱ्या कामात मिळालं नाही. तेव्हा फक्त रडू येत नाही म्हणून राजीनामा देऊ नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर तो विषयच आत्ता काढू नका.

त्यापेक्षा डेस्कला सांगून एक साप्ताहिक सुट्टी पक्की करून घ्या, कॉम्प ऑफ, म्हणजे जादा कामाच्या बदली सुट्ट्या, साचले असतील तर तेही मागा. त्या दिवशी तुमच्या गायकाची एखादी पूर्ण मैफल लावा. पॅकेजमध्ये वापरलेला तुकडा नको, कारण तो कानावर पडला की कट कुठे मारला होता तेच आठवतं. विलंबित ख्यालापासून भैरवीपर्यंत, मध्ये न उठता ऐका. आणि पुढच्या वेळी अंत्यसंस्काराचं लाइव्ह संपल्यावर कॅमेरामनला म्हणा, तू केबल गुंडाळ, मी आलोच.