पडद्यावरचे गोडबोले आणि चर्चमधले सहाजण

गेल्या अंकात अ‍ॅलेक गिनेस या इंग्रज नटाबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. त्याच्याच काळातला नट लॉरेन्स ऑलिव्हिए याच्यावर दोन पानं लिहिली होती तेव्हा एक पोस्टकार्डही आलं नव्हतं! जमतील तेवढ्यांना उत्तरं देतो.

प्रश्न : नातवाच्या खोलीत ‘स्टार वॉर्स’मधल्या दाढीवाल्या ओबी-वान केनोबीचं पोस्टर आहे. मी म्हटलं, हा मोठा नट होता. तो म्हणाला, याच्याआधी त्याने काय केलं होतं? मला धड सांगता येईना. (एक आजोबा, नागपूर)

नातवाला सांगा, तो सिनेमा १९७७चा आणि गिनेस रंगमंचावर उभा राहिला १९३४ साली. त्याच वर्षी, विशीत, जॉन गिलगुडच्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑस्रिकची छोटी भूमिका मिळाली. चार वर्षांनी लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात स्वतःच हॅम्लेट, तोही आधुनिक कपड्यांत. मग युद्ध. नौदलात गेला आणि १९४३ला सिसिलीवरच्या चढाईत सैनिक उतरवणारी बोट त्याच्या ताब्यात होती. रंगमंचावर यायच्या आधी जाहिरात कंपनीत मजकूर लिहायचा. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी होती, हेही सांगा, पण नातू जरा मोठा झाल्यावर.

‘स्टार वॉर्स’ने त्याला पैसा भरपूर दिला, कारण मानधनासोबत नफ्यातला छोटा टक्का त्याने मागून घेतला होता. संवादांवर मात्र तो जन्मभर कुरकुरत राहिला. एका मुलाने येऊन सांगितलं, मी हा सिनेमा शंभराहून जास्त वेळा पाहिलाय. गिनेस म्हणाला, माझं एक काम करशील? पुन्हा पाहू नकोस. पोरगं रडायला लागलं. त्याने हे स्वतःच लिहून ठेवलंय.

प्रश्न : एकाच सिनेमात आठ भूमिका, आणि एका दृश्यात त्यातले सहाजण एकत्र दिसतात, असं तुम्ही लिहिलंत. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मग जमवलं कसं? (फोटो स्टुडिओवाले, कोल्हापूर)

हा प्रश्न वाचून मी खूश झालो, कारण आमच्या फिल्म सोसायटीत प्रोजेक्टर मी चालवायचो आणि हा तुकडा रीळ मागे घेऊन तीनदा पाहिल्याबद्दल अध्यक्षांची बोलणी खाल्ली आहेत.

सिनेमा ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’, १९४९, ईलिंग स्टुडिओ, दिग्दर्शक रॉबर्ट हेमर. डॅस्कॉइन नावाचं सरदार घराणं. आईला घराबाहेर काढलं म्हणून एक तरुण, म्हणजे डेनिस प्राइस, वारसाच्या रांगेत आपल्यापुढे असलेल्यांचा काटा काढत जातो. ड्यूक, बँकर, पाद्री, जनरल, अ‍ॅडमिरल, दोन तरुण आणि लेडी अगाथा, सगळे गिनेस. जनरल आपल्या जुन्या मोहिमेची गोष्ट सांगत कॅव्हिआरची बरणी उघडतो आणि स्फोटात जातो. लेडी अगाथा बलूनमधून मताधिकाराची पत्रकं टाकत असते, खिडकीतून बाण मारून तिचं बलूनच खाली आणतात. दोघांना मात्र मारावं लागत नाही. अ‍ॅडमिरल हट्टापायी सलाम ठोकत जहाजासह बुडतो, बँकर धक्क्याने जातो.

आता चर्चमधलं दृश्य. कॅमेरामन डग्लस स्लोकोम्बने कॅमेरा असा जखडून टाकला की केसभरही हलू नये. भिंगापुढे काचेच्या खिडक्यांची पेटी, प्रत्येक खिडकीला झडप. एकच झडप उघडायची, बाकीच्या बंद. गिनेस पाद्री होऊन उभा राहिला, तेवढाच भाग फिल्मवर उमटला. फिल्म पुन्हा मोजून बरोब्बर सुरुवातीला आणायची. तोवर गिनेस मेकअप उतरवून जनरल होऊन येणार. दुसरी झडप. असं सहा वेळा, एकाच फिल्मच्या तुकड्यावर. एकदा चुकलं की सगळं पहिल्यापासून. काम काही दिवस चाललं आणि रात्री कुणाचा धक्का लागू नये म्हणून स्लोकोम्ब स्टुडिओतच झोपला. आपल्याकडे डबल रोलला अर्धी चौकट झाकायचे, तीच ही युक्ती, फक्त सहापट जिवावरची.

मला मात्र त्या युक्तीपेक्षा दुसरंच आवडतं. सहाही जण नुसते दिसतात तरी प्रत्येकाची ढब निराळी आहे.

प्रश्न : राज्य नाट्य स्पर्धेसाठी तालीम चालू आहे. दिग्दर्शक म्हणतात आधी आवाज शोध. गिनेस काय करायचा? (हौशी कलाकार, चिपळूण)

तुमच्या दिग्दर्शकांशी भांडण लावून द्यायचं नाहीये, पण गिनेस चाल शोधायचा.

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ पाहा, १९५७चा, सिलोनमध्ये चित्रित झालेला. जपान्यांनी युद्धकैदी ब्रिटिश कर्नल निकोल्सनला, म्हणजे गिनेसला, पत्र्याच्या खुराड्यात उन्हात कोंडलंय. बाहेर काढतात तेव्हा त्याला अधिकाऱ्याच्या रुबाबात चालायचंय आणि पाय साथ देत नाहीत. गुडघे नको तिथे वळतात, वरचं धड मात्र परेडवर. ही चाल त्याने आपल्या मुलाची उचलली. मॅथ्यू अकरा वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला होता, त्यातून उठून तो असा चालायचा. या भूमिकेने ऑस्कर मिळालं. त्या काही पावलांचा गिनेसला पुढेही अभिमान वाटत राहिला.

त्याच आजारपणात हा गृहस्थ कामावरून परतताना एका छोट्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसायचा आणि देवाशी बोली करायचा: पोरगं बरं होऊ दे, पुढे त्याला कॅथलिक व्हावंसं वाटलं तर मी आड येणार नाही. याला आपण नवस म्हणतो. मुलगा बरा झाला, पुढे कॅथलिक झाला, आणि १९५६ मध्ये बापही.

आणखी एक. बीबीसीवर १९७९ मध्ये त्याने जॉर्ज स्मायली हा गुप्तहेर केला. तयारी म्हणून लेखक जॉन ल कारेने त्याला गुप्तचर खात्याचे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफिल्ड यांच्यासोबत जेवायला बसवलं. ओल्डफिल्ड उठून निघाले तसा हा दारापर्यंत धावला, ते चालतात कसे ते पाठमोरे बघायला. तुम्ही चिपळूणच्या स्टँडवर अर्धा तास उभे राहा, एवढंच सांगतो.

प्रश्न : ‘अ पॅसेज टू इंडिया’त प्रोफेसर गोडबोले इंग्रज माणसाने करावेत? मराठी नट मेले होते काय? (एक गोडबोले, सदाशिव पेठ, पुणे)

गोडबोलेसाहेब, तुमचा राग मला मान्य आहे. १९८४चा सिनेमा, अझीझच्या भूमिकेत व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफ्री, रोशन सेठही आहेत, आणि एवढ्या लोकांत गोडबोले तेवढे तपकिरी रंग फासलेले गिनेस. त्यांच्या तोंडचं इंग्रजी मी कुठल्याही गोडबोल्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. दिग्दर्शक डेव्हिड लीनबरोबरचा हा त्याचा सहावा सिनेमा, जुन्या मैत्रीत नाही म्हणता आलं नसावं. स्वतः गिनेसलाही नंतर हे काम फसल्यासारखंच वाटत होतं. त्यासाठी तो नाच शिकला होता, तोही लीनने संकलनात कापला.

अशी तक्रार करणारे तुम्ही पहिलेही नाही. १९४८च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या फेगिन या ज्यू पात्राला त्याने भलंमोठं नाक लावलं, ज्यू लोक संतापले, आणि अमेरिकेत तो सिनेमा १९५१पर्यंत लागला नाही. नाक आणि रंग बाहेरून चिकटवले की या नटाचं भान सुटायचं, असं माझं मत.

पण मूळ कादंबरीवर राग धरू नका. तिचे लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासला महाराज तुकोजीराव पवारांचे खासगी सचिव होते. मराठ्यांचं संस्थान, तिथली गोकुळाष्टमी त्यांनी आत बसून पाहिली. म्हणून १९२४च्या त्या कादंबरीतले दख्खनी ब्राह्मण गोडबोले अष्टमीच्या उत्सवात उभे राहून ‘तुकाराम, तुकाराम’ असा गजर करतात, तूच माझा बाप, तूच आई, असं म्हणत. हे पान सिनेमात शोधू नका, पुस्तकात वाचा. आणि पूजा लांबल्यामुळे त्यांची गाडी चुकते, त्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाहीत. म्हणजे तेवढं फॉर्स्टरने बरोबर टिपलंय, असं समजू का?