कृत्रिम पाय, बग्गी आणि क्लबाचे कार्यालय

नमस्कार. अपघातानंतर डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, वर्षभराने तुम्ही कृत्रिम पाय लावून पुन्हा गोल्फ कोर्सवर गेलात, नऊ होल संपेपर्यंत स्टंप (पायाचा उरलेला भाग) सोलवटून निघाला, आणि बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) मागायला गेल्यावर ‘आधी वैद्यकीय दाखला आणा, मग बघू’ असे क्लबाच्या कार्यालयाने सुनावले, हे सगळे वाचून गप्प बसवेना. माझाही डावाच पाय गेलेला आहे, तोही गुडघ्याखालीच, आणि मीही उजव्या हाताने खेळतो. तुम्ही अपघाताआधी नियमित खेळत होता, त्यामुळे ग्रिप, स्टान्स वगैरे प्राथमिक गोष्टी सांगत बसत नाही. ‘आता फक्त पटिंग करा’ किंवा ‘सिम्युलेटरवर हौस भागवा’ असे वरच्या प्रतिसादांत काही जणांनी सुचवले आहे. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण त्यांच्यापैकी कोणी कृत्रिम पायाने अठरा होल खेळल्याचे दिसत नाही, म्हणून तो सल्ला मी बाजूला ठेवतो. एवढे मात्र आधीच स्पष्ट करतो की मी डॉक्टर नाही, वकील नाही आणि प्रोस्थेटिस्टही (कृत्रिम अवयव बसवणारा तज्ज्ञ) नाही. स्टंपवरची जखम दोन दिवसांत भरत नसेल तर हे वाचणे थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

पायाविषयी पुढे लिहितो. आधी कार्यालयाविषयी, कारण माझा सर्वाधिक वेळ तिथेच वाया गेला.

मी ज्या क्लबाचा सदस्य होतो त्याचे नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, कारण तुमच्या वर्णनावरून असे कार्यालय एकच असेल असे वाटत नाही. तिथे बग्गीच्या सवलतीसाठी एक छापील अर्ज होता. त्यात ‘सवलतीचे कारण’ या रकान्यात तीनच पर्याय होते: सत्तरीपुढचे वय, आजारपण आणि तात्पुरती दुखापत. पाय नसणे या तिन्हींत कुठेच बसत नव्हते. कारकुनाने स्वतःच्या अधिकारात ‘तात्पुरती दुखापत’ या चौकोनात खूण केली, आणि तात्पुरत्या दुखापतीची सवलत तीन महिन्यांचीच असल्यामुळे दर तीन महिन्यांनी मला नवा दाखला आणायला लावला. पाय अजून उगवलेला नाही, एवढेच खरे तर त्या दाखल्यात लिहायचे असे. आमचे डॉक्टर पहिल्यांदा हसले, पुढे हसेनासे झाले.

एवढ्यावर भागले असते तरी मी तक्रार केली नसती. पुढे क्लबाच्या हिवाळी स्पर्धेसाठी नाव दिले, तेव्हा स्पर्धेचे काम पाहणाऱ्या टेबलाने ‘अठरा होल खेळण्यास पूर्णपणे तंदुरुस्त’ असा दाखला मागितला, आणि त्याच खोलीतल्या शेजारच्या टेबलाला बग्गीसाठी ‘चालण्यास असमर्थ’ असा दाखला हवा होता. एकाच डॉक्टराने एकाच आठवड्यात एकाच माणसाविषयी ही दोन्ही विधाने सहीनिशी करावीत, अशी त्या कार्यालयाची अपेक्षा होती, आणि त्यात काही विसंगत आहे हे दोन्ही टेबलांपैकी एकालाही मान्य नव्हते. या टेबलावरून त्या टेबलावर कागद फिरत राहिला, घोंगडे भिजत पडले आणि तो हिवाळा तसाच निघून गेला. आपल्याकडे खेळायला खरे चांगले महिने दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचेच, हे तुम्ही जाणता. त्यामुळे एक हिवाळा जाणे म्हणजे वर्ष जाणे.

यावरून माझे जे ठाम मत झाले आहे ते कदाचित काहींना उद्धट वाटेल. तुम्ही कार्यालयाकडे सवलत मागूच नका; क्लबाच्या कमिटीकडे नियमांच्या आधारे परवानगी मागा. सवलत मागितली की तुम्ही कारकुनाच्या अखत्यारीत जाता, आणि कारकुनाकडे रकान्यांपलीकडे काही नसते. 1 जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या गोल्फच्या नियमांत दिव्यांग खेळाडूंसाठीचा 25 वा नियम मूळ नियमावलीचाच भाग आहे. त्यापूर्वी त्या तरतुदी वेगळ्या पुस्तिकेत होत्या आणि त्या लागू करायच्या की नाहीत हे प्रत्येक स्पर्धेची कमिटी ठरवत असे. आता त्या सर्व स्पर्धांना आपोआप लागू होतात, त्यासाठी वेगळा स्थानिक नियम करावा लागत नाही. अंध खेळाडू, हात किंवा पाय गमावलेले खेळाडू, चाकाची खुर्ची, कुबडी किंवा काठी वापरणारे खेळाडू आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेले खेळाडू, असे चार गट त्यात आहेत. तुमच्या कृत्रिम पायाला हरकत घेण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. चाकाच्या खुर्चीतून खेळणाऱ्याला बंकरमधला (वाळूच्या खड्ड्यातला) न खेळता येणारा चेंडू बंकरबाहेर घ्यायचा असेल तर दोनऐवजी एकच दंडाचा फटका लागतो. हे तुम्हाला थेट उपयोगी नाही, पण नियम किती बारकाईने लिहिला आहे ते कमिटीला दाखवायला उपयोगी पडते.

बग्गीची बाब थोडी वेगळी आहे. मूळ नियमांत बग्गीला बंदी नाहीच. कमिटी स्थानिक नियम करून बंदी घालू शकते, आणि घातली तरी दिव्यांग खेळाडूला त्यातून मोकळीक देऊ शकते. म्हणजे निर्णय कमिटीचा आहे, कार्यालयाचा नव्हे. ‘चालणे हा खेळाचाच भाग आहे’ असे कमिटीतले एखादे ज्येष्ठ सदस्य हमखास म्हणतील. त्यांना केसी मार्टिनचे प्रकरण सांगा. या अमेरिकी व्यावसायिक खेळाडूच्या उजव्या पायात जन्मतः रक्ताभिसरणाचा गंभीर दोष होता. व्यावसायिक स्पर्धांत बग्गी मिळावी म्हणून तो पीजीए टूरविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला, आणि 2001 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. चालणे हा या खेळाचा मूलभूत भाग नाही, आणि बग्गी दिल्याने खेळाचे स्वरूप बदलत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, हे मलाही कळते; पण क्लबाच्या बैठकीत तो ऐकल्यावर वादाचा आवाज बराच खाली येतो. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ‘वाजवी सोयी’ची संकल्पना आणि खेळांविषयीचे स्वतंत्र कलम आहे, परंतु पहिल्याच पत्रात कायद्याची भाषा करू नये असे माझे मत आहे. वकिलाची नोटीस गेली की कमिटी उत्तर देणे थांबवते आणि तिचा वकील उत्तर देऊ लागतो.

पत्र एका पानाचे असावे आणि ते कमिटीच्या नावाने असावे. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य त्यात चुकूनही नको. पाय कायमचा गेला आहे, त्यामुळे परवानगी सदस्यत्व असेपर्यंतची हवी आणि ती बैठकीच्या इतिवृत्तात ठराव म्हणून नोंदवली जावी, असे स्पष्ट लिहा. सोबत यूडीआयडी कार्डाची (सरकारी दिव्यांग ओळखपत्राची) किंवा दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि तिथेच थांबा. शस्त्रक्रियेची कागदपत्रे, एक्स-रे, स्टंपचे फोटो यांपैकी काहीही देऊ नका. माझ्याकडे फोटोसुद्धा मागितले होते. ते का हवे होते, हे मला आजतागायत समजलेले नाही.

आता ज्या गोष्टीचा विचार कमिटी करत नाही आणि नवीन खेळाडूही करत नाही, ती सांगतो. बग्गीची परवानगी मिळाली म्हणजे चालणे संपले असे नाही. पावसाळ्यात, आणि पुष्कळ ठिकाणी एरवीही, बग्गी फक्त पक्क्या रस्त्यावरून न्यायची असा फलक लागलेला असतो. रस्ता फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) एका कडेने जातो आणि चेंडू बहुधा दुसऱ्या कडेला असतो. एका होलवर तीन वेळा जरी चाळीस मीटर आत आणि चाळीस मीटर परत असे जावे लागले, तरी अठरा होलांत सव्वाचार किलोमीटरांहून अधिक चालणे होते, आणि तेही रस्त्याकडून फेअरवेकडे उतरणाऱ्या आडव्या उतारावरून. बहुतेक कृत्रिम पायांच्या घोट्याला आडवा उतार नीट जमत नाही, त्यामुळे बराचसा भार सॉकेटच्या (स्टंप ज्यात बसतो त्या वाटीच्या) एका कडेवर येतो. बग्गी घेऊनही स्टंप सोलला जातो तो यामुळेच. म्हणून पत्रात दुसरी मागणी ही करा की तुमच्या बग्गीला रस्त्यावरून चेंडूच्या समांतर जाऊन तिथून काटकोनात फेअरवे ओलांडण्याची मुभा असावी आणि ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या जागेच्या) शक्य तितके जवळ जाता यावे. परदेशात अशा बग्गीला वेगळ्या रंगाचे निशाण लावतात. आपल्याकडे निशाण नसले तरी चालेल, पण लेखी सूचना स्टार्टर (खेळ सुरू करून देणारा) आणि मार्शल (कोर्सवर देखरेख करणारा) यांच्यापर्यंत पोहोचलेली असली पाहिजे. ठराव कार्यालयाच्या कपाटात आणि शिट्टी मार्शलच्या तोंडात, अशी अवस्था मी पुष्कळ सोसली आहे. सूचनेची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बग्गीच्या काचेला अडकवा. जमीन खरोखरच पाण्याने भरलेली असेल तर मात्र हट्ट करू नका. माळ्यांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत एका चाकोरीत जाते.

आता पाय. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे सगळे अंग फटक्यानंतर डाव्या पायावर फिरते. साबूत पायात तो पीळ घोटा, गुडघा आणि कंबर वाटून घेतात. साध्या कृत्रिम पायाचा घोटा असा फिरत नाही, त्यामुळे पाऊल जमिनीला धरून राहते, सॉकेट जागेवर राहते आणि आत स्टंप फिरतो. तुम्ही नडगीच्या कडेवर आणि बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या डोक्यावर कातडे गेल्याचे लिहिले आहे. ते चालण्याने कमी आणि स्विंगने जास्त गेले असावे असा माझा अंदाज आहे. डाव्या पायाचा चवडा लक्ष्याच्या दिशेने नेहमीपेक्षा बराच उघडा ठेवा, बॅकस्विंग तीन-चतुर्थांशावर थांबवा, आणि फटका संपल्यावर टाच सरकली तर सरकू द्या. त्याच कारणाने कृत्रिम पायाच्या बुटाला मी खिळे ठेवत नाही, कारण खिळ्यांनी पाऊल जखडले की पीळ सॉकेटमध्येच उतरतो. ओल्या गवतावर याने घसरण्याचा धोका वाढतो, तेव्हा हा निर्णय तुमचा तुम्ही घ्या.

पीळ सोसणारा टॉर्शन अ‍ॅडॉप्टर मिळतो आणि तो सॉकेटच्या खाली बसवता येतो. त्याने वजन वाढते आणि त्याला जागाही लागते, त्यामुळे तुमच्या पायात बसेल की नाही ते प्रोस्थेटिस्टच सांगेल. त्यांच्याकडे जाताना गोल्फचे बूट बरोबर न्या, हे मात्र विसरू नका. पायाची जुळणी एका ठरावीक उंचीच्या टाचेवर केलेली असते. रोजच्या बुटाची आणि गोल्फच्या बुटाची टाच थोडी जरी कमीजास्त असली तरी गुडघा पुढे ढकलला जातो किंवा मागे खेचला जातो, आणि दोष मात्र आपण स्विंगला देत बसतो. पुण्यात वानवडीला लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे आणि तिथे नागरिकांनाही पाहतात. नाशिकहून तुम्हाला ते फार लांब नाही.

लायनरमधला (स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणातला) घाम हा आपल्या हवेतला वेगळाच छळ आहे. चार-पाच होल झाले की बग्गीत बसून पाय काढा, स्टंप आणि लायनर दोन्ही कोरडे पुसा आणि मगच पुढे जा. दुपारपर्यंत स्टंपचा घेर कमी होतो आणि पाय सॉकेटमध्ये खाली बसू लागतो, म्हणून स्टंपवर चढवायचे जादा मोजे बॅगेत ठेवा आणि टोचायला लागण्याआधीच एक चढवा. मागचे खेळाडू खोळंबतात म्हणून हे टाळणारे मी पाहिले आहेत. खोळंबू द्या, किंवा त्यांना पुढे जाऊ द्या.

पटरच्या (ग्रीनवर चेंडू ढकलायच्या काठीच्या) मुठीला रबरी वाटी लावली की होलमधला चेंडू वाकल्याशिवाय निघतो. ग्रीनवर तर कॅडी तुमचा चेंडू खूण करून उचलू शकतो आणि तोच परत ठेवू शकतो. 2019 पासून यासाठी दर वेळी वेगळी परवानगी द्यावी लागत नाही. नेहमी एकच कॅडी घ्या आणि त्याला नेहमीपेक्षा जास्त पैसे द्या. तुमच्या चालीवरून मोजा कधी चढवायचा हे तो तुमच्याआधी ओळखू लागतो.

एका पायावर उभे राहून जोरदार फटके मारणाऱ्या स्पॅनिश गोल्फपटू हुआन पोस्टिगोच्या चित्रफिती तुम्हालाही लोक पाठवत असतील. तो असामान्य खेळाडू आहे, कृत्रिम पाय न लावताच खेळतो, आणि नेमके म्हणूनच त्याचे तंत्र आपल्या कामाचे नाही. आंतरराष्ट्रीय दिव्यांग स्पर्धांचा विचार पुढे मनात आला, तर तिथे वेगळी वैद्यकीय पडताळणी होते, आपल्या कार्डावर भागत नाही, एवढे लक्षात ठेवा. सध्या पुढच्या टीवरून (होलला जवळच्या सुरुवातीच्या जागेवरून) खेळा आणि नवा हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा) प्रामाणिकपणे तयार होऊ द्या.

डिसेंबरच्या स्पर्धेत उतरायचे असेल तर कमिटीची बैठक कोणत्या तारखेला असते ते आजच विचारा, कारण पत्र बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पोहोचले तर ते पुढच्या महिन्यापर्यंत त्याच कारकुनाच्या खणात राहील. मसुदा इथे टाकलात तर वाचून सुचवेन. तो इंग्रजीत करा. मराठी पत्र कमिटीपुढे गेल्याचे मी अजून पाहिलेले नाही, आणि हे लिहिताना मला मुळीच बरे वाटत नाही.