मारिओ २ या व्हिडिओ गेममध्ये चावी उचलली की तो मुखवटा मागं का लागतो?

अरे त्याचं नाव फँटो, चावीचा राखणदारच आहे तो, १९८८ च्या सुपर मारिओ ब्रदर्स २ मधला. चावी हातात असेपर्यंतच तो पाठलाग करतो, म्हणून अंगावर आला की चावी सरळ फेकून द्यायची, तो निघून जातो, मग परत उचलून पळायचं कुलपाच्या दारापर्यंत. खेळायला टोड हे पात्र घे, ओझं घेऊनही त्याचा स्पीड कमी होत नाय. आम्ही साताऱ्यात राजवाड्याजवळ भाड्यानं कॅसेट आणून खेळायचो तेव्हा हे कुणी सांगितलंच नव्हतं, किती लाइफ घालवल्या राव! १९९० च्या सुपर मारिओ वर्ल्डमध्ये मात्र असली कटकट नाय, तिथं चावी कीहोलला नेली की सिक्रेट एक्झिटच उघडतो.