सिग्नलवर एसीची हवा कोमट होते. गॅरेजवाले ‘फॅन डायरेक्ट करून घ्या’ म्हणतात. काय करावे?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: गाडी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३०, नागपुरात व्हेरायटी चौकात सिग्नलला थांबली की एसीची हवा कोमट होते आणि वर्धा रोडवर वेग घेतला की पुन्हा गार, मागच्या आठवड्यात भर दुपारी इंजिन तापल्याचा इशाराही आला. एका गॅरेजने रेडिएटरचा पूर्ण फॅन बदलण्याचा खर्च सांगितला आहे, तर दुसऱ्याने वेगळा स्विच लावून फॅन ‘डायरेक्ट’ करून देण्याची तयारी दाखवली आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे. फॅन पूर्ण बदला आणि डायरेक्ट कोणत्याही परिस्थितीत करू नका. मात्र पैसे मोजण्यापूर्वी दोष फॅनमध्येच आहे याची खात्री करून घ्या. माझ्या टर्बो गाडीचा फॅन मी स्वतः बदललेला आहे, त्यामुळे पुढचे बरेचसे अनुभवातून लिहीत आहे.

आपण सांगितलेली लक्षणे फॅनकडेच बोट दाखवतात. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटरमधून आपोआप जातो आणि फॅनची फारशी गरज उरत नाही. उभ्या गाडीत मात्र हवा ओढणारे दुसरे काहीच नसते. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे असतो व तीच हवा वापरतो, म्हणून फॅन थकला की इंजिनाच्या आधी एसी तक्रार करतो. एसीचा गॅस कमी असता तर महामार्गावरही थंडावा अपुरा वाटला असता, आणि थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकला असता किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी झाले असते तर वेगात, विशेषतः चढावर, गाडी अधिकच तापली असती.

डॅशबोर्डवरच्या सुईवर विसंबू नका. स्कोडा-फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत कूलंटचे खरे तापमान साधारण ७५ अंशांपासून १०५ च्या आसपास कुठेही असले तरी सुई ९० वरच स्थिर ठेवलेली असते, म्हणजे सुई हलली तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती देणाऱ्या सॉकेटला) लावायचा छोटा रीडर घ्या आणि मोबाइलवर प्रत्यक्ष आकडा पाहा. एसी सुरू ठेवून गाडी उभी केल्यावर तापमान वाढले तरी फॅनच्या झोताने पुन्हा खाली आले पाहिजे. ते सतत चढत राहिले आणि ११० ओलांडले, तर इंजिन बंद करा.

नागपुरात हे दुर्लक्षिण्यासारखे का नाही, तेही सांगतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. जानेवारीच्या १५ अंशांत १०० अंशांच्या कूलंटला ८५ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यातल्या ४५ अंशांत तोच फरक ५५ वर येतो, म्हणजे तेवढ्याच हवेत रेडिएटरची क्षमता सुमारे एक तृतीयांशाने घटते. हिवाळ्यात अर्धवट चालणारा फॅन कोणाच्या लक्षातही येत नाही, तो मेअखेरच्या नवतप्यात उघडा पडतो. त्यात आपले इंजिन २ लिटरचे, टर्बोचे आणि २३० अश्वशक्तीचे. कंडेन्सर, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) व रेडिएटर एकामागे एक बसवलेले असल्याने हवेला तिन्ही थर ओलांडावे लागतात. इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड एकदा वाकले किंवा हेड गॅस्केट गेले, तर होणाऱ्या खर्चापुढे फॅनची किंमत किरकोळ वाटेल.

आता खात्री कशी करायची ते पाहू. इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण इंजिन बंद असतानाही हा फॅन अचानक फिरू शकतो आणि बोट तुटण्याइतका जोर त्यात असतो. मग पाती हाताने फिरवून पाहा. घरघर, अडखळणे किंवा पात्याला हेलकावा जाणवला तर बेअरिंग गेले आहे. त्यानंतर मोटरचा कपलर (तारांचा जोड) उघडून पिना नीट तपासा. पिवळट-तपकिरी झालेले किंवा वितळलेले प्लास्टिक हे फॅनपेक्षाही कपलरच्या दोषाचे लक्षण असते, आणि असा कपलर तसाच ठेवून नवा फॅन लावला तर तोही फार काळ टिकणार नाही. मग बॅटरीची तार परत जोडून फ्यूज आणि जाड तारांपर्यंत येणारा बॅटरीचा विद्युतदाब मल्टिमीटरने पाहा. शेवटी कपलर परत लावून स्कॅनरच्या ‘आउटपुट टेस्ट’मधून फॅन चालवून बघा. दाब व अर्थिंग ठीक असून फॅन फिरत नसेल किंवा मध्येच दम सोडत असेल, तर दोष बहुधा मोटरचा वा तिचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोल मॉड्यूलचा आहे. पी०४८० हा कोड फॅनच्या नियंत्रण सर्किटचा असतो. तो केवळ दिशा दाखवतो, निकाल देत नाही, म्हणून निव्वळ कोड पाहून फॅन विकणाऱ्या गॅरेजला वरील तपासणी करून दाखवायला सांगा.

‘डायरेक्ट’ला माझा विरोध का, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण आपल्याकडे हा सल्ला फार सहज दिला जातो. जुन्या गाडीत दोन तारांचा फॅन व एक रिले असे, त्यामुळे तेथे या उपायाने निदान वेळ मारून नेता येई. आपल्या गाडीतील फॅन चालू-बंद एवढेच जाणत नाही. इंजिनाचा संगणक कूलंटचे तापमान व एसीच्या गॅसचा दाब पाहून त्याला किती वेगाने फिरायचे याचा सिग्नल देतो. सिग्नलच्या पिनेवर थेट १२ व्होल्ट दिले तर मॉड्यूल जळू शकते, आणि मॉड्यूल बाजूला सारून मोटरला थेट वीज दिली तर तिच्या मोठ्या प्रवाहाला पुरेसा फ्यूज व तार लावण्याची काळजी क्वचितच घेतली जाते. बॉनेटखाली आग लागण्याची एक शक्यता इथूनच जन्मते. शिवाय जोरात चालवून गाडी बंद केल्यावर टर्बोभोवती साठलेली उष्णता ओसरावी म्हणून फॅन काही वेळ फिरत राहतो. किल्लीवर चालणारा डायरेक्ट फॅन नेमका तेव्हाच थांबतो.

नवा फॅन चासी क्रमांक देऊन मागवा. मूळ कंपनीचा किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचा घ्या, आणि मोटर, मॉड्यूल व श्राउड (फॅनभोवतीची प्लास्टिकची चौकट) एकत्र असलेलाच घ्या. बाजारात मिळणारी लोकल मोटर दिसायला तशीच असली तरी तिची वॉट-क्षमता कमी असू शकते. श्राउडचे महत्त्व तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: तो आणि त्याच्या कडेची फोमची पट्टी नसेल, तर फॅन संपूर्ण रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी पात्यांपुरत्या वर्तुळातूनच ओढतो. काही श्राउडवर रबरी झडपा असतात. वेगात त्या उघडून वाऱ्याला वाट देतात, म्हणून त्या चिकटवू नयेत.

प्रत्यक्ष काम अवघड नाही, पण जागा अरुंद असते. हवेची व टर्बोची नळी आणि गाडीखालचे प्लास्टिकचे आवरण काढल्यावर श्राउडचे स्क्रू हाती लागतात. श्राउडला क्लिपने अडकवलेल्या होज व तारा आधी सोडवा. फॅन बाहेर काढताना रेडिएटरच्या पातळ पाकळ्यांवर घासला जाऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवा. ही एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. कूलंट सहसा काढावे लागत नाही. काढलेच, तर आपल्या गाडीसाठी ठरवलेल्या प्रतीचेच, डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी नकोच. नंतर कूलंटच्या सर्किटमधली हवा पूर्ण निघाल्याची खात्री करा.

फॅन बाहेर आलेला असताना तिन्ही थरांमधील फटी साफ करून घ्या. घरच्या कूलरची जाळी धुळीने गच्च झाली की पंखा कितीही फिरला तरी हवा येत नाही, तसेच इथेही होते. विदर्भातल्या रस्त्यांवरची माती आणि कापसाचे तंतू मधल्या फटीत घट्ट बसतात. पाणी कमी दाबाने, इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने सोडा. जेटचा फवारा मोटरवर मारू नका. आपली गाडी २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात, अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा, पाण्यात उभी असेल तर गॅरेजला ते जरूर सांगा, कारण बुडालेल्या मोटरचे बेअरिंग गंजून बऱ्याच महिन्यांनी दगा देऊ शकते व तेच पाणी वायरिंगमध्येही शिरलेले असू शकते.

जोडणी झाल्यावर कोड मिटवा, एसी सुरू करून गाडी उभी ठेवा आणि समोरच्या जाळीवर कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून आला, तर मोटर उलटी फिरत आहे. मग दुपारच्या गर्दीत सीताबर्डीतून एक फेरी मारून रीडरवरचा आकडा पाहा.

फॅन यायला काही दिवस लागतील. तोवर गाडी शक्यतो पहाटे व मोकळ्या रस्त्यावरच चालवा, एसी बंद ठेवा. गर्दीत अडकून आकडा चढू लागला तर काचा खाली करून हीटर पूर्ण जोरात चालू करा. थोडी उष्णता त्यातून बाहेर पडते. इशारा आलाच, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा, कूलंटच्या टाकीचे झाकण उघडू नका व थंड पाणी ओतू नका, आणि पुढचे अंतर टोइंगनेच पार करा.